हेदपाड्याचं शून्य

९ जानेवारी १९८६, बोईसर

योजनेची वही आहे. पुढून उघडली की आकडे, उलटी करून मागून उघडली की मी. सावे सरांना कळलं तर ओरडतील. ओरडू देत. खास डायरी म्हणून छापलेल्या वहीत मला एक ओळ सुचत नाही.

काम लागून आठ दिवस झाले. बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र, सेकंड क्लास, दोन वर्षं घरी, तीन कथा अनियतकालिकांत छापून आलेल्या, त्यातल्या एकीत विरामचिन्हंच नाहीत. आता मी क्षेत्र सहायक. काम असं: वालाच्या मुळांवर बारीक गाठी येतात, मोहरीएवढ्या, कधी ज्वारीएवढ्या. त्यांत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. कुठल्या मातीत हे जिवाणू आहेत, कुठल्या मातीत नाहीत, त्याचा नकाशा करायचाय. पाच जागा. आमच्या नवापूरची रेताड वाडी, तारापूरची खारी जमीन, बोईसरला कारखान्यांमागचा नाला, बेटेगावची भाताची खाचरं, आणि डोंगरातला हेदपाडा. प्रत्येक ठिकाणी वाल फुलावर असताना दहा रोपं.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "रोप उपटायचं नाही. वीतभर लांबून खणायचं, ढेकळासकट उचलायचं, बादलीत भिजत ठेवायचं, मग हलक्या हाताने धुवायचं. घाई केलीस तर मूळ हातात येईल आणि गाठी मातीत राहतील."

मी हे लिहून घेतलं. अधोरेखितसुद्धा केलं.

१५ जानेवारी

बेटेगाव झालं. दहा रोपांची सरासरी बावीस गाठी. ब्लेडने एक गाठ कापली तर आत लाल, ताज्या माशाच्या कल्ल्यासारखी. लाल म्हणजे जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवी असली तर नुसतेच राहतायत. आमच्या नवापूरला सहा-सात गाठी, बारक्या. खाऱ्या जमिनीत एक-दोन. नाल्याकाठी वालच धड उगवलेला नाही.

आई सुक्या बोंबलांच्या ओळी उतरवत होती. तिला कल्ल्याची गोष्ट सांगितली. म्हणाली, "मासळी मोजाची तुला लाज वाटली. आता झाडाचे फोड मोजतंस. पगार फोडावर हाय का दिवसावर?"

शेजारच्या येसूबाई हसल्या. मीही हसलो. कॉलेजात असताना पाच वर्षं मी सकाळच्या गाडीत खिडकीशी उभा राहायचो, कपड्यांचा वास जाऊ दे म्हणून. हे आईला माहीत असावं. कधी बोलली नाही.

२२ जानेवारी, एस.टी.त

अक्षर हलतंय.

चिल्हार रस्त्याला उतरून दीड तास चढ. हेदपाडा म्हणजे अकरा घरं आणि डोंगराच्या पायाशी जिन्यासारखी कापलेली खाचरं. भात निघालं की उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. मला नवसीबायचं खाचर दाखवलं. बाई पन्नाशीची असेल, एकटी राहते. पाड्यात तिचं ऐकतात असं दिसलं. सगळे मला "मुळंवाला" म्हणतात. चांगलं नाव आहे, कथेला वापरता येईल.

जमीन दगड झालेली. खुरपं आपटलं की दात शिवशिवतात. पहिलं रोप खणायला पाऊण तास गेला, आणि वर ढेकूळ मधोमध फुटलं. घड्याळात पावणेतीन. खाली शेवटची गाडी साडेचारला. उरलेली नऊ रोपं काढली, ओढ्यावर धुतली. गाठी शून्य. पहिलं रोप तुटलेलंच होतं, त्याच्याही शून्य धरल्या.

नवसीबाय बांधावर बसून बघत होती.

"भाऊ, कुदळ देव का?"

"नको."

"हातानीच उपटतंस ते?"

"आमची पद्धत आहे."

ती हसत म्हणाली, "दहा झाडा म्हंजे माजे दोन दिसांचा कालवण गेला."

मी म्हटलं, विज्ञानासाठी चाललंय.

"इग्नान म्हंजे तुजा सायब का?"

गाडी मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली.

२३ जानेवारी

सरांना आकडा सांगितला. "शून्य? दहाच्या दहा?" ते खुर्चीतून उठले. स्टोव्ह पेटवून स्वतः चहा केला माझ्यासाठी. म्हणाले, वाल पिकवणाऱ्या पाड्यात एकही गाठ नाही, हे कुणाला सापडलेलं नाही. बाकीच्या चार जागा कुणीही करून दाखवेल, ही एक जागा अहवालाला उचलून धरेल.

मग विचारलं, "खणूनच काढलीस ना?"

"हो सर."

हे "हो सर" फार पटकन आलं. लिहून ठेवतो.

३० जानेवारी

नकाशा तयार झाला. मीच काढला. जिथे गाठी जास्त तिथे मोठा लाल ठिपका, कमी तिथे लहान. हेदपाड्यावर नुसतं रिकामं वर्तुळ. सगळ्यांची नजर त्या रिकाम्या वर्तुळावरच जाते. मला ते फार आवडलं.

१९ ऑगस्ट

मातीतल्या जिवाणूंनी "आम्ही" म्हणून सांगितलेली माझी गोष्ट संपादकांनी परत पाठवली. सोबत चिठ्ठी: "भाषा आहे, माणूस नाही." दिवसभर बेटेगावच्या बांधावर बसून त्या संपादकाला उत्तरं देत होतो. मनात. सगळी उत्तरं फार चांगली होती.

१६ ऑक्टोबर

वरून मंजुरी आली. ज्या मातीत जिवाणू नाहीत तिथे पुडीतून द्यायचे. पुड्या देशावरून आल्यात. तिकडच्या काळ्या मातीतल्या वालावरून काढलेले जिवाणू, दगडी कोळशासारख्या काळ्या भुकटीत. पहिली निवड अर्थातच हेदपाडा.

सर म्हणाले, "तुझं शून्य कामी आलं, हरेश्वर."

मला बरं वाटायला हवं होतं. दुपारभर डोकं दुखलं.

२ नोव्हेंबर, हेदपाडा

सविस्तर लिहितो. न लिहून चालणार नाही.

चिंतूच्या अंगणात सगळे जमले. चिंतू पाड्यातला म्हातारा, सदा तंबाखू मळणारा. मी नकाशा धरून उभा. सर बोलले. सर चांगलं बोलतात, सोपं, घरातल्यासारखं. म्हणाले, तुमच्या मातीत वालाला लागणारे जिवाणूच नाहीत, यात तुमची काही चूक नाही, आम्ही ते तपासलंय.

नवसीबाय म्हणाली, "माजा वाल तं दर साल येतो."

"येतो हो बाई, पण आला असता त्याच्या निम्मा येतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "आन आमी हिचीच माती नेतो." आणि लोक हसले.

मला कळेना. शेजारी बसलेल्या जिव्याला विचारलं. जिव्या नवसीबायचा भाचा, विशी-बाविशीचा. यंदाच भावापासून वेगळा झालाय, बायको पारू आणि चार महिन्यांची मुलगी. उतारावर मुरूम फोडून त्याने नवीन खाचर काढलंय. त्याने सांगितलं, नव्या खाचरात पहिला वाल टाकायचा तर जुन्या खाचरातली एक टोपली माती आणून बियात कालवतात. कोऱ्या जमिनीला वाल ओळखत नाही, म्हणून. आणि पाड्यात ती माती नवसीबायच्या खाचरातली नेतात. तिच्या सासूच्याही आधीपासून. ती स्वतः येऊन पहिली मूठ टाकते.

"तुझी टोपली?"

"ती काय." भिंतीशी टोपली भरून ठेवलेली होती. वर पळसाचं पान.

सरांनी ऐकलं. हसून म्हणाले, "ही फार सुंदर प्रथा आहे, पण रिकाम्या डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतल्यासारखं आहे ते. ती माती टाकून दे. तुझं खाचर कोरं आहे, तिथे पुडीचा फरक नीट दिसेल."

जिव्याने नवसीबायकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. जिव्याने मग माझ्याकडे बघितलं. मी नकाशा धरला होता. मी म्हणालो, "सर म्हणतात तसं कर."

त्याने टोपली पायवाटेवर ओतली. कोंबड्या आल्या.

मग मी गुळाचं पाणी करून त्यात पुडी कालवली, बी घोळून सावलीत वाळत टाकलं, सगळ्यांना दाखवलं. चिंतूने बोट घालून चाटलं. "ह्या वालाला काय लाड. आमचे लग्नात पन एवढा गूळ नवता."

निघताना जिव्या थोडा खाली सोडायला आला. म्हणाला, या खाचराचा वाल आला तर शिमग्यापर्यंत पाड्यातच राहता येईल. नाही आला तर वसईकडे भट्टीवर. "पोरगी बारकी हाय. पारूला ह्या साली विटांत नाय न्यायची."

म्हटलं, येईल वाल.

२० डिसेंबर, बेटेगाव

दुसऱ्या हंगामाची मोजणी. नऊ रोपं खणून झाली. दहावं बांधालगत होतं, कोरड्यात. शेतकऱ्याशी बोलता बोलता मी ते हाताने ओढलं. आलं अलगद. मुळं स्वच्छ, लांब, एकही गाठ नाही.

शेजारची नऊ: एकवीस, चोवीस, एकोणीस, सगळी अशीच.

खाली बसलो. जिथून ओढलं तिथे खणलं. ढेकूळ फोडून बादलीत टाकलं, भिजू दिलं. तळाशी गाठी बसल्या. सव्वीस. मुळाचे केसासारखे तुकडे धरून.

वही पुढून उघडून मागच्या हंगामाचं पान बघितलं. हेदपाडा, दहा रोपं, शून्य. मग उलटी करून २२ जानेवारी वाचला. त्यात "उपटतंस" आहे, तिच्या तोंडी. मी "काढली" लिहिलंय. नऊ रोपं "काढली". लेखक आहे ना मी.

आज कळलं असं लिहिणार होतो. ते खरं नाही. त्या दिवशी ओढ्यावर धुताना पाण्यात मूळ धरलं होतं आणि त्याची टोकं तुटलेली दिसत होती. मी बघितलं होतं. मग घड्याळ बघितलं होतं.

२१ डिसेंबर

हेदपाड्याला गेलो. कुणाला न सांगता, रविवार होता.

जिव्याचं खाचर लांबूनच दिसतं. पिवळं. रोपं वीतभर, खालची पानं गळालेली. वरच्या खाचरात नवसीबायचा वाल गुडघ्याला लागलेला, काळसर हिरवा, फुलावर.

जिव्या घरी नव्हता. नवसीबायच्या खाचरातून कुदळीने, ढेकळासकट, एक रोप काढलं. आज सकाळच्या पहिल्या गाडीने आलो होतो, वेळच वेळ होता. एकतीस गाठी. कापली. लाल.

मग जिव्याच्या खाचरातलं एक. तेही खणून. खरोखरचं शून्य. देशावरच्या काळ्या मातीतले जिवाणू या आंबट तांबड्या मुरमात जगलेच नाहीत. दोन हातांवर, वरच्या बांधापलीकडे, याच मुरमात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले जिवाणू होते. ते आम्ही कोंबड्यांना घातले.

नवसीबाय आली. "काय बघतंस?"

"तपासतोय."

"काय दिसला?"

"अजून मोजायचंय."

तिने खाली बघितलं. धुतलेलं मूळ माझ्या हातात होतं, गाठींनी भरलेलं. लहान मुलालाही दिसलं असतं. तिने शेंगांची एक डहाळी तोडून माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाली, "मायला देस."

आईला दिली नाही. स्टेशनवर बाकाखाली ठेवून आलो.

२९ डिसेंबर

आठ दिवस लावले. सरांना सांगितलं.

सर बराच वेळ चष्मा पुसत होते. "खणून काढलीस असं तू म्हणाला होतास."

"हो सर."

"मग आता कुठल्या 'हो सर' वर विश्वास ठेवू?"



मग त्यांचा आवाज मऊ झाला. ते जास्त वाईट होतं. म्हणाले, अहवाल गेलाय. पाचपैकी एक जागा. पुढच्या वर्षी पुन्हा तपासली म्हणून लिहू, आकडा आपोआप बदलेल, कुणाच्या नोकरीला धक्का नको. मी विचारलं, जिव्याच्या वालाचं काय, आता नवसीबायची माती टाकली तर? म्हणाले, आता ओल कुठे आहे. उशीर झाला.

उशीर कधी झाला ते मी विचारलं नाही. २० तारखेला सांगितलं असतं तर? माहीत नाही. कदाचित तेव्हाही झालाच होता. पण मला ते माहीत नाही, आणि माहीत करून घेण्याचा दिवसही मी घालवला.

६ जानेवारी १९८७

एका बैठकीत कथा लिहिली. अकरा पानं. साधी, विरामचिन्हांसकट. एक तरुण डोंगरात मुळं उपटतो, साहेबाशी खोटं बोलतो, एका बाईची माती पायवाटेवर ओतली जाते. शेवटी तो तिच्यापुढे सगळं कबूल करतो आणि ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते.

वाचताना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. लगेच पोस्टात टाकली.

२७ जानेवारी

संपादकांचं पोस्टकार्ड. "या वेळी माणूस सापडला. कथेतला प्रामाणिकपणा भिडतो. मार्चच्या अंकात घेत आहोत."

आई म्हणाली, "काय आला? पत्रात काय हाय?" मी म्हटलं, चांगलं आहे. ती म्हणाली, "मग तोंड असा का?"

पोस्टकार्ड तीनदा वाचलं. पुण्यातल्या एका माणसाला मी सगळं कबूल केलंय. त्याला मी आवडलो. हेदपाड्यात अजून कुणाला काही माहीत नाही.

२८ जानेवारी

संपादकांना लिहिलं, कथा छापू नका. पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभा राहिलो, पेटी उघडायला येणाऱ्या पोस्टमनकडून परत मागावं का, असा विचार करत. पंधरा मिनिटं. हेही लिहून ठेवतो.

१ फेब्रुवारी, हेदपाडा

नवसीबाय अंगणात वाल सोलत होती. बसलो. सांगितलं. फार पाठ करून आलो होतो, पण दोन वाक्यांतच संपलं. त्या दिवशी मी रोपं उपटली. गाठी तुझ्या मातीतच राहिल्या, मी शून्य लिहिलं.

ती सोलत राहिली. "म्हाइत हाय मला."

"कधीपासून?"

"तू गेलास त्याचे दुसरे दिशी. खड्डं बुजवाया गेली. माती हातात घेतली तं गाठी. ही एवढाली."

"मग बोलली का नाहीस? सर आले तेव्हा, सगळ्यांसमोर?"

तिने पहिल्यांदाच वर बघितलं. "मी ईचारला तुला. हातानीच उपटतंस? तू बोललास, आमची पद्धत हाय. मी समजली, शिकल्याल्या लोकांचा काय येगळा आसंल. गाठी सोडून दुसरा काय मोजीत आसतील." मग पुढची शेंग उचलून, "आन मंग मोठा सायब नकासा घेऊन आला. त्याच्यात माजे खाचराचा भोकच होता. माजीच माती मला खोटी वाटाया लागली. दोनदा जाऊन परत खनून बघितला मी."

हे माझ्या कथेत नव्हतं. हे मला सुचलंच नसतं.

मी म्हटलं, चूक माझी आहे, मला माफ—

"मला काय सांगतंस? मला म्हाइत हाय बोलली ना. ज्याला म्हाइत नाय त्याला सांग." आणि तिने अंगणातूनच हाक घातली. "ओ चिंतू, आरे या समदे. मुळंवाला काय सांगतो आयका."

सातआठ माणसं आली. बायका दारातूनच ऐकत होत्या. उभा राहून सांगितलं. या वेळी हातात नकाशा नव्हता, हातांचं काय करायचं कळेना. कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. एकजण म्हणाला, "म्हंजे नवसीची माती खरी." दुसरा म्हणाला, "आपन कुठं खोटी बोलत व्हतो, सायबच बोलला." चिंतूने तंबाखू तोंडात टाकली. "गूळ तरी खरा व्हता का त्याची पन चौकशी हाय?" सगळे हसले. मलाही हसू आलं आणि ते आलेलं सगळ्यांनी बघितलं.

जिव्या नव्हता. विचारलं.

नवसीबाय म्हणाली, "आठ दिस झाले. भट्टीवर गेला. पारूला आन पोरीला घेऊन." सुपातला कचरा पाखडला. "जाताना माजे दारावरून नाय गेला. तिकडच्या वाटेनी गेला. त्याला वाटला, मी बोलंन, माती नाय नेलीस म्हनून. मी काय बोलली असती?"

खाली उतरताना त्याचं खाचर लागलं. कुणाची तरी बकरी चरत होती. हाकलली नाही. काय राखायचं होतं.

३ फेब्रुवारी

योजनेच्या वहीत, पुढच्या बाजूला, हेदपाड्याच्या ओळीवर रेघ मारली आणि लिहिलं: "रोपे उपटून काढली होती. हा आकडा ग्राह्य नाही." सही, तारीख. सरांच्या टेबलावर उघडी ठेवली. सरांनी वाचली, मिटली, ड्रॉवरमध्ये ठेवली. दुपारी मला म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत काम कर, पुढचं बघू. संध्याकाळी वही मागितली तर म्हणाले, असू दे इथेच.

म्हणजे हे मागचं सगळंही त्यांच्याकडे. त्यांनी उलटी केली असेल का? त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. पाचच्या सुमाराला ते चहाला गेले, तेव्हा ब्लेडने मागची पानं कापून आणली. मुळं कापायच्याच ब्लेडने. त्यातही चोरी.

हे आता सुट्या कागदावर.

८ फेब्रुवारी

वसईच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. तीन भट्ट्यांवर विचारलं, चौथीवर सापडले. आठ-दहा झोपड्या, गवताच्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या. जिव्या खड्ड्यात, गुडघाभर चिखलात, भाताचं तूस मिसळून पायाने मळत होता. पारू साच्याने विटा पाडत होती. मुलगी बाभळीला टांगलेल्या झोळीत.

जिव्याने मला ओळखलं. "मुळंवाला इथं पन आला. इथं कुठली मुळा, भाऊ? समदा जळतो."

काठावर उभा राहून सांगितलं. साडेचारची गाडी. उपटणं. शून्य. "हो सर." पुडी. डिसेंबरात बघून गेलो आणि बोललो नाही, तेही. संपादकाचं नाही सांगितलं, ते त्यांच्या काय उपयोगाचं.

जिव्या मळत होता. एकदा पाय थांबले. "म्हंजे आतेची माती चांगली व्हती."

"हो."

"आन मी टोपली वतली."

"सरांनी ओतायला लावली. माझ्या आकड्यामुळे. मीच म्हणालो तुला, सर म्हणतात तसं कर."

"वतली तं मीच." पाय परत चालू झाले. "तिच्या म्होरं वतली."

मी म्हणालो, ती रागावलेली नाही, ती म्हणाली, मी काय बोलले असते. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येत राहिला.

पारू आतापर्यंत नुसती ऐकत होती. तिने विचारलं, "मंग आता आमी घरी जाव?"

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. ती खरंच विचारत होती. शिकलेला माणूस एवढ्या लांबून, शोधत शोधत आलाय, तर काहीतरी घेऊन आला असेल. सुटका, कागद, नवीन पुडी, काहीतरी. तिने हात पुसायला घेतले होते.

"नाही," मी म्हणालो. "वाल गेला तो गेला."

"मंग तू काय आणलास?"

"काही नाही. सांगायला आलो."

"सांगाया." तिने जिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. राग नव्हता. मी काय केलंय ते तिला समजलं होतं, मी इथे का आलोय ते मात्र समजत नव्हतं. "सांगून झाला?"

"हो."

"मंग जरा तिकडं सर. तुजा पाय पडतो."

खाली बघितलं. ओल्या विटांची रांग माझ्या चपलेपर्यंत आली होती. शेवटच्या विटेचा कोपरा माझ्या अंगठ्याखाली दबलेला. मी बाजूला झालो. पारूने ती वीट दोन्ही हातांनी उचलली, खड्ड्यातल्या चिखलात परत टाकली, आणि साचा पाण्यात बुडवून त्या जागी दुसरी पाडायला बसली.